तारेवरचा घोडा

दोन महिने मी एका लाकडी घोड्याच्या तारा पुसत होते. आमच्या वाहिनीला जुनी जादूची मालिका पुन्हा दाखवायची होती आणि साहेबांचं फर्मान होतं, "सगळं चकाचक पाहिजे." पुठ्ठ्याचा किल्ला, मिशी सांभाळत गर्जना करणारा राक्षस आणि तारांवर लटकून उडणारा तो घोडा. संगणकावर एकेका चित्रातून तारा काढायच्या. मान आखडली, डोळ्यांची आग व्हायला लागली, पण काम नेटकं झालं. घोडा मधेच एकदा लटपटायचा, तेही मी सरळ करून टाकलं. अंगात हौस फार!

तो घोडा माझ्या बाबांनी उडवलेला. उंच फळीवर पालथे पडून ते तारा ओढायचे. नामावलीत त्यांचं नाव कधी आलं नाही. आता उजवं अंग लुळं पडलंय, बोलणं तुटक झालंय. पण मालिका परत येतेय म्हटल्यावर त्यांनी व्यायाम करून घेणाऱ्या बाईंपासून वरच्या मजल्यावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना रविवारी बघायला बोलावून ठेवलं. "माझा घोडा आहे," म्हणून.

शुक्रवारी कामावरून आल्या आल्या मी त्यांना तो प्रसंग दाखवला. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू? राक्षसाची मिशी सुटली तेव्हा ते खुदकन हसले. मग घोडा उडाला, अगदी अलगद.

"हा कुणी उडवला?"

"तुम्हीच की, बाबा."

"माझा नाही." त्यांनी तोंड फिरवलं. "रविवारी... नको कुणी."

जेवलेही नाहीत. आधी मला त्यांचाच राग आला. एवढं राबून हे ऐकायचं? मग लक्षात आलं. अख्ख्या मालिकेत माझा बाप कुठे दिसत असेल तर त्या तारांत, आणि त्या मीच पुसल्या होत्या.

शनिवारी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. "घोडा होता तसाच दाखवू या."

"लोक हसतील."

"हसायलाच तर बघतात, साहेब."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मी मूळ चित्रण लावलं आणि खुर्चीत टेकले. साहेब उभ्यानं बघायला लागले. तारा चमकल्या, घोडा निघाला, मधेच लटपटला, आणि आमचे कायम आंबट तोंडाचे साहेब फिसकन हसले.

"अरे, हा! लहानपणी आम्ही ह्याचीच तर वाट बघायचो. आता पडतो, आता पडतो... आणि तू हेच काढलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतंत."

"मी काय, काहीही सांगतो. ठेव होतं तसं."

रविवारी 'येऊ नका' असं मी कुणालाच कळवलं नाही. खोली भरली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. समजूत घालण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. मी टीव्ही लावला आणि त्यांच्या उशाशी बसले.

"अरे पडला, पडला!" आजोबा ओरडले. सगळे हसले.

बाबांनी मान वळवली. घोडा अजून हेलकावे खात होता, वर तारा लखलखत होत्या. त्यांच्या डाव्या हाताची मूठ चादरीवर घट्ट आवळली गेली आणि हळूहळू मागे सरकली.

"शिंक," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"तेव्हा... शिंक आली होती मला. वर धूळ फार." घोडा सावरून किल्ल्यापलीकडे गेला, तेव्हाच त्यांनी मूठ सैल केली. "पण सोडला नाही."