जमत आलेलं, पण जमलेलं नको

आईच्या अटी ऐकून चिमीने कपाळावर हात मारून घेतला असता, पण हाताला मेण लागलेलं होतं.

"खून पाहिजे," आई फोनवर सांगत होती, "पण रक्त फार नको. तपास करणारी दोघं पाहिजेत, एक बाई, एक पुरुष. आणि त्यांचं जमत आलेलं पाहिजे, पण जमलेलं नको. मागच्या वेळी तू सुचवलीस त्यातले पाचव्या भागात लग्न करून मोकळे झाले. मग पुढे काय बघायचं? त्यांचं किराणासामान?"

"आई, मी कामात आहे."

"मी कुठे म्हणतेय आत्ता सुचव? संध्याकाळपर्यंत सुचव."

चिमी कवळ्या बनवायची. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत, त्यांवरून ओतलेले प्लास्टरचे जबडे तिच्या टेबलावर येत, आणि ती त्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवत जाई. एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवावा लागतो, नाहीतर हसणं उसनं वाटतं. या तिरकेपणात तिचा हातखंडा होता. चाळिशी उलटली, डोक्यात पांढरे केस आले, तरी घरीदारी ती चिमीच राहिली होती, आणि घरची सगळी न मिटलेली भांडणं पोचवायची ती चिमीकडेच, असा घरचा रिवाज होता.

थोड्या वेळाने बाबांचा फोन आला.

"आईने नवी मालिका मागितली का?"

"मागितली."

"लांबलचक दे. मागची सुरू झाली न झाली तोच संपली." मग आवाज बारीक करून, "आणि तिला सांग, कालच्या भागात त्या डॉक्टरणीचंच चुकलं. तो बिचारा काहीतरी सांगायला आला होता, आणि हिने दार लावून घेतलं."

"तुम्हीच सांगा ना, बाबा. ती पलीकडच्या खोलीत बसलीय."

बाबांनी फोन ठेवून दिला. अडचणीचं काही आलं की फोन ठेवायचा, ही त्यांची जुनी खोड.

हे सगळं तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं. बाबा मित्राकडे दोन दिवस पत्ते खेळायला जातो म्हणून घरातून निघाले आणि गेले इस्पितळात. पाठीवर गाठ आली होती, ती त्यांनी भूल घेऊन काढून घेतली. संमतीच्या कागदावर सही त्या मित्राने केली. परत आल्यावर शर्टाखाली पट्टी, तोंडाला कुलूप. गाठ तपासायला पाठवली होती, तिचा निकाल चांगला आला, आणि त्या दिवशी जेवताना बाबांनी सगळी हकीकत अगदी रंगवून सांगितली. तुला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही, असं शेवटी म्हणाले, आणि आता आपली पाठ थोपटली जाईल अशा आशेने आईकडे बघू लागले. आईने वाढता वाढता हातातली पळी खाली ठेवली. तेव्हापासून ती बाबांशी एक अक्षर बोलली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला निदान शेवट असतो.

बाबांचं म्हणणं, सगळं सुखरूप पार पडलं, मग माफी कसली मागायची? हे ते चिमीला सांगत. आईचं म्हणणं काय, ते आई कुणालाच सांगत नव्हती. तिने एवढंच जाहीर केलं होतं की ही चालू मालिका संपली की ती आपल्या बहिणीकडे राहायला जाणार. किती दिवस, असं चिमीने विचारलं, तर म्हणाली, "दिवस कसले मोजतेस?" आई धमक्या देणारी बाई नव्हती. ती बोले ते करून मोकळी होई.

म्हणून मालिका संपून चालणार नव्हतं.

रोज संध्याकाळी तेवढा एक तास दोघं एका खोलीत बसत. सोफ्याच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा, मध्ये उशा. आणि बोलतसुद्धा, पण टीव्हीशी. आई पडद्यावरच्या इन्स्पेक्टरला म्हणे, "माणूस आहेस की दगड?" बाबा पडद्यावरच्या बाईला म्हणत, "अगं, त्याला तोंड तर उघडू दे." खून कुणी केला, याच्याशी दोघांनाही काडीचं देणंघेणं नव्हतं. खुनी पकडला गेला की आई चहा करायला उठे. एक मालिका शेवटाला आली की चिमी दुसरी पुढे सरकवी, आई म्हणे, पहिला भाग तेवढा बघून ठेवते, आणि तिचं जाणं लांबणीवर पडे.

पण अशा मालिका आणायच्या कुठून? चिमीने किती चाळल्या त्याला गणती नाही. एकीत दोघांचं पहिल्याच भागात जमलं. एकीत तो शेवटपर्यंत तिच्याकडे बघतच नाही, त्यावर आई म्हणाली, हा प्रेमात नाही, याला झोप कमी आहे. दीपगृहात राहणारा निवृत्त न्यायाधीश आणि चोरी सोडलेली बाई, अशी एक चांगली चालली होती, तर तिसऱ्या सीझनमध्ये बाईचं कामच दुसऱ्या नटीला दिलं. आईने त्याचा राग चिमीवर काढला. चिमीचा नवरा म्हणाला, तू नोकरी सोडून हाच धंदा का करत नाहीस? त्या दिवशी नवऱ्याशीही तिचं बिनसलं. एका घरातलं मौन मिटवता मिटवता दुसऱ्या घरात सुरू व्हायची पाळी आली.

"माझ्याकडे एक आहे," कामावर शेजारच्या टेबलावरून मिशीवाले म्हणाले. ते कवळ्यांना पॉलिश करायचे आणि जगातली प्रत्येक मालिका त्यांनी पाहिलेली असायची. "इन्स्पेक्टर आणि हस्ताक्षर ओळखणारी बाई. आठ सीझन. शेवटच्या भागापर्यंत हातात हात नाही. माझी गॅरंटी."

"नट बदलत नाहीत?"

"केस पिकतात, पण बदलत नाहीत."

"आणि रडारड? आजारपण वगैरे काही?"

"छे. टिपऱ्या वाजाव्यात तशी भांडतात दोघं."

चिमीला त्यांच्या मिशांसकट त्यांचं कौतुक वाटलं. आठ सीझन म्हणजे वर्ष निघालं. वर्षभरात माणसं सुधारतात, असं तिला तेव्हा खरंच वाटत होतं.

मालिका आईला आवडली. बाबांनाही आवडली. सकाळचे फोन पुन्हा नेमाने येऊ लागले. बाबांचा: तिला सांग, इन्स्पेक्टरचा तो ओव्हरकोट त्या बाईनेच दिलेला होता. आईचा: त्यांना सांग, ते मला केव्हाच कळलं होतं. मेणात दात बसवता बसवता चिमी हो हो म्हणत राही आणि यातलं काहीही कुणाला सांगत नसे.

मग एका रविवारी दुपारी ती आईकडे गेली तेव्हा दोघांनी मालिका लावलेली होती. चिमी मधल्या उशा काढून तिथे बसली. सोफ्यावर दुसरी जागाच नव्हती.

पडद्यावर इन्स्पेक्टर एका इस्पितळाच्या बाकावर एकटा बसला होता. बरगडीखाली सुरा लागला होता, शर्ट उघडा, जखमेवर कापूस. तेवढ्यात हस्ताक्षरवाल्या बाईचा फोन आला. ती कुणाच्या तरी घरी मेजवानीला गेली होती, मागे गाणी चालली होती, ती खदखदून हसत होती. कुठे आहेस, तिने विचारलं. मीटिंगमध्ये, तो म्हणाला. जेवलास का? जेवलो. बरं, असं म्हणून ती पुन्हा हसली आणि तिने फोन ठेवला.

चिमीने मनातल्या मनात मिशीवाल्यांचा उद्धार केला. बाबा पाण्याच्या निमित्ताने उठायला लागले. आईने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"चिमी," आई पडद्याकडे बघत म्हणाली, "त्यांना विचार, याने बरं केलं का?"

बाबा परत बसले. "चिमी, तिला सांग, त्याला तिची मेजवानी नासवायची नव्हती."

"त्यांना विचार, मेजवानी मोठी की माणूस मोठा?"

"तिला सांग..."

"मी कुणाला काही सांगणार नाही," चिमी म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "चार महिने मी दिवसभर दुसऱ्यांचे जबडे जुळवते आणि संध्याकाळी तुमचे. मला कंटाळा आलाय. मला कुठली मालिका बघायची असते, हे कुणी विचारलंत कधी? मला खुनाच्या मालिका आवडतसुद्धा नाहीत. आईला जायचं असेल तर जाऊ दे. तुम्हाला गप्प बसायचं असेल तर बसा. पण मला मधून उठू द्या."

ती उठली आणि खुर्ची ओढून भिंतीशी जाऊन बसली. सोफ्यावर मध्ये आता काहीच राहिलं नाही.

पडद्यावर तो इन्स्पेक्टर तसाच कापूस दाबून थांबला होता.

"मी हसत होते," आई म्हणाली. ती बाबांकडेच बघत होती. "तुम्हाला भूल देत होते, तेव्हा मी समोरच्या वहिनींकडे बसले होते. त्यांनी त्यांच्या जावयाची काहीतरी गंमत सांगितली आणि मी पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चार महिने मला ते आठवतंय. तुमचं बरंवाईट झालं असतं, तर त्या वेळी मी हसत होते, हेच घेऊन मला उरलेले दिवस काढावे लागले असते. आणि सही कुणाची? त्या पत्तेवाल्याची."

या वेळी बाबांना ठेवून द्यायला फोन नव्हता.

"तू तिथे असतीस तर," ते शेवटी म्हणाले, "मला रडू आलं असतं."

"मग रडायचं."

"तुझ्यासमोर?"

"नाहीतर कुणासमोर? पत्तेवाल्यासमोर?"

बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. पुसून पुसून पुन्हा पुसला. चिमीने मान खाली घातली. बाबांना असं बघायची तिला सवय नव्हती आणि ती करून घ्यायची इच्छाही नव्हती. तिला आईची कणव आली, बाबांची आली, आणि त्याच वेळी दोघांना गदागदा हलवावंसं वाटलं. एवढं बोलायला चार महिने?

"मी ताईकडे जाणारच आहे," आई म्हणाली. "तिला तसं कळवलंय."

"मी येऊ?"

"तुम्हाला तिचं घर आवडत नाही."

"नाही आवडत," बाबा म्हणाले. "येऊ?"

"मला काय विचारता? घर तिचं आहे. तिला विचारा."

बाबांची नजर सवयीने चिमीकडे वळली. "चिमी, जरा मावशीला फोन लाव बरं."

"तुमचा तुम्ही लावा."

बाबांनी नंबर शोधला, चष्मा पुन्हा चढवला, लावला. मावशीशी ते एरवी लग्नकार्यापुरतंच बोलत. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली, हवेची केली. पलीकडून मावशीने काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा अडखळले.

"हो, येतेय ती... नाही, म्हणजे मीही म्हटलं यावं... हो. पाठीचंच. आता बरं आहे." मग त्यांनी अंग चोरलं, भिंतीकडे वळले आणि पुटपुटले, "नाही, तिला सांगितलं नव्हतं. माझी चूक झाली."

चिमीला वाटलं, आता आई उसळणार. चार महिने जे ऐकायला तिने कान टवकारले होते, ते हा माणूस तिच्या बहिणीला सांगत होता, तेही भिंतीकडे तोंड करून. आई मात्र सोफ्यावर मागे टेकून बसली.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "ताईला हल्ली कमी ऐकू येतं."

मावशीचे कान ठणठणीत होते. पलीकडच्या घरात टाचणी पडली तरी तिला कळे.

बाबांनी घसा खाकरला, भिंतीकडून वळून खोलीकडे तोंड केलं, आणि फोन तोंडाशी धरून, शेजाऱ्यांनाही कळेल अशा आवाजात, तेच पुन्हा म्हणाले.