दहा वर्षांचा पॉवर सप्लाय

घरात गुपित फुटलं की आधी भोंग्याकडे बघायचं, अशी त्या घराची रीतच होती. भोंगा म्हणजे धाकटी. पंधरा वर्षांची, आणि आवाज असा की ती तळमजल्यावर बोलली तर चौथ्या मजल्यावरच्या माणसाने ‘ओ’ द्यावी. नाव दादानेच ठेवलेलं. पण या भोंग्याने मंगळवारपासून तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि आज शनिवार होता.

दादा एकोणीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी त्याला शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला, मग जिन्यात एकदा पाय दुमडला, मग तपासण्यांची रांगच लागली. स्नायूंचं दुखणं आहे, हळूहळू वाढत जातं, एवढं त्यालाही माहीत होतं. किती हळूहळू, ते शेवटच्या रिपोर्टवरून कळणार होतं. तो आणायला मंगळवारी बाबा आणि भोंगा गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “हातांचं काम दोन वर्षं नीट चालेल. फार तर तीन.”

बाहेर आल्यावर बाबांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, “परीक्षा होईपर्यंत त्याला सांगायचं नाही. विचारलं तर रिपोर्ट अजून आलेला नाही. समजलं?”

भोंग्याने मान हलवली.

इकडे दादाच्या नव्या कॉम्प्युटरची तयारी तीन महिने चालली होती. साठ हजारांत गेम खेळायचं मशीन बसवायचं, वर एक छदामही नाही, आणि ते टिकलं पाहिजे. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. आठ माणसांच्या लिफ्टला ऐंशी माणसांचा दोर लावायचा, हा त्यांच्या धंद्याचा नियम, आणि तोच त्यांनी घरालाही लावला होता. घरातली शिडी हत्ती चढेल अशी, कढई दोघांनी उचलावी अशी. आई म्हणायची, “बरं झालं, लग्नात मला वजन करून नाही आणलं.”

त्यामुळे दादाची यादी बाबांना फार आवडली होती. पॉवर सप्लाय लागतो त्याच्या दीडपट ताकदीचा, कारण वीज तो वाटतो, आणि तो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन बुडतो. मदरबोर्ड असा, की चार वर्षांनी त्यावरच नवा प्रोसेसर बसवता यावा. रॅमचा एक खण भरलेला, एक पुढच्यासाठी मोकळा. आणि ग्राफिक्स कार्ड, ज्याच्यावर पडद्यावरचं चित्र अवलंबून, ते मात्र मधलंच. “कार्ड नंतर बदलता येतं,” दादा म्हणायचा. बाबा लगेच, “पाया नाही बदलता येत!”

बुधवारी दादा कॉलेजात असताना बाबांनी ती यादी भोंग्यासमोर ठेवली.

“यात सगळ्यात भारी कार्ड बसव. चित्र आत्ता झकास दिसलं पाहिजे. पैसे बाकीच्यातून काढ.”

भोंग्याने काढले. सप्लाय साधा घेतला, बोर्ड जुन्या पद्धतीचा, रॅमचे दोन्ही खण स्वस्तातल्या रॅमने भरून टाकले. काटछाट करताना तिला उत्साहच आला होता. दादाचं तोंड कसं होईल, डोंगर, पाणी, गाड्यांच्या काचांवरचं ऊन, सगळं कसं लखलखेल! बाबांनी यादी शुक्रवारी दुकानात पाठवून दिली.

शनिवारी तिघं दुकानात पोचले. छतापर्यंत खोके रचलेले, आणि काउंटरवर दुकानदारांसमोर पोट उघडलेला कुणाचातरी कॉम्प्युटर. दादाला त्यांनी खुर्ची दिली आणि खोके काढता काढता यादी मोठ्याने वाचू लागले.

“रॅम दोन... कार्ड, वा, बारा जीबी! चैन आहे एका माणसाची... पॉवर सप्लाय, साडेचारशे वॅट, साधा.”

दादा हसला. “काका, दुसऱ्याची यादी वाचताय. ते कार्ड त्या सप्लायवर लावलं तर दोन-तीन वर्षांत तो मान टाकेल.”

“दुसऱ्याची कशी? तुझ्या वडिलांनीच पाठवली काल.”

बाबा एका खोक्यावरचा मजकूर वाचत होते. खोका उलटा होता.

“बाबा?”

“अरे, चालतंय की,” बाबा खोक्याकडे बघतच म्हणाले. “दोन-तीन वर्षं तर आरामात निघतात म्हणे. पुरे झालं.”

पुरे झालं. बाबांच्या तोंडून हे दोन शब्द आजवर कुणी ऐकले नव्हते. दादाचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्याने बहिणीकडे पाहिलं.

“भोंग्या, तू का गप्प?”

“घसा बसलाय.”

“मंगळवारपासून?”

ती काउंटरवरचे स्क्रू मोजू लागली.

“रिपोर्ट आला ना?” दादाने विचारलं.

दुकानदार शहाणा माणूस. “मागे माल बघून येतो,” म्हणाले आणि पडद्याआड गेले.

“किती?” दादा म्हणाला.

“हातांची दोन,” बाबा म्हणाले. “फार तर तीन. मला वाटलं, तोवर तुला चांगलं... चांगल्यातलं चांगलं...”

“मी निवडलं कार्ड!” भोंग्याचा बांध फुटला. “यादी मी बदलली! मला ओरड!”

“कार्ड चांगलंच निवडलंस गं.” दादा बाबांकडे वळला. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही जन्मात कधी बारीक दोर लावला नाहीत. पहिला लावलात तो माझ्यासाठी.”

बाबांनी खोका खाली ठेवला. ठेवायला इतका वेळ लागावा असा तो जड नव्हता.

“चुकलो,” ते म्हणाले. “तुला आधी सांगायला हवं होतं.”

“हो.” दादा म्हणाला. मग त्याने काउंटरवरची यादी ओढून घेतली. “हात गेल्यावर ही खेळेल, आणि मी शेजारी बसून शिव्या घालीन. हिचं ड्रायव्हिंग बघता दहा वर्षं पुरतील एवढ्या शिव्या लागतील. तेव्हा मशीन मधेच बंद पडून चालणार नाही. कार्ड मधलं घेऊ.”

“मग पाण्यात सावल्या दिसणार नाहीत,” भोंगा नाक ओढत म्हणाली.

“तू पाण्यात गाडी नको घालूस म्हणजे झालं.”

कार्ड परत फळीवर गेलं. बोर्ड बदलला, रॅमचा एक खण मोकळा सोडला. दुकानदार साडेसहाशे वॅटचा सप्लाय घेऊन बाहेर आले. बाबांनी तो दोन्ही हातांत तोलून पाहिला.

“साडेसातशेचा दाखवा,” ते म्हणाले.

“बाबा, बजेट!”

“कॅबिनेट साधं घेऊ. पत्र्याला कोण विचारतो?”

साडेसातशेच्या सप्लायला दहा वर्षांची वॉरंटी होती. तिचा कागद पुढे करत दुकानदारांनी विचारलं, “नाव कोणाचं लिहू?”

बाबांनी भोंग्याकडे पाहिलं.

“माझं,” दादा म्हणाला. “आणि सही मीच करतो.”

मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एकाने घड्याळ बघितलं. दादाने मनगट काउंटरच्या कडेला टेकवलं आणि सुरुवात केली. तिसऱ्या अक्षराला पेन घसरलं. भोंग्याचा हात आपोआप पुढे गेला, तो बाबांनी धरला आणि सोडला नाही. दादाने पेन पुन्हा नीट पकडलं, चुकलेल्या अक्षरावरून एकदा फिरवलं, आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता, आडनावापर्यंत गेला.