धक्क्याचा उतार झाला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना विलंब-ठोकळा आहे. मला हात लावता येत नाही. मी संगणकातल्या प्रतिकृतीत राहतो. आत आलेला आकडा जपायचा आणि ठरलेल्या वेळाने बाहेर सोडायचा, एवढेच माझे काम.

नॉर्वेतल्या एका जलविद्युत केंद्रासाठी तूरुन नावाच्या अभियंतीने मला रचले. डोंगरातल्या लांब नळात पाण्याच्या दाबाची लाट वर जाऊन परतायला जेवढा वेळ घेते, तेवढा वेळ मी ती धरून ठेवत असे. केंद्रातली झडप सावकाश उघडे, सावकाश मिटे आणि माझी उत्तरे बरोबर येत. कौतुक झाले. पुढे मला उघडून पाहणेच थांबले.

मग झडप एकदम बंद करण्याची चाचणी ठरली. ती बंद करणार होता तूरुनचा भाऊ होवार, अगदी नळाशेजारी उभा राहून. तूरुनचा सहकारी स्वेरे पावावर तपकिरी चीज ठेवत पडद्याकडे पाहून म्हणाला, "बघ, दाब धोक्याच्या लाल रेषेच्या खालीच आहे. करा म्हणावं त्यांना."

"थांब रे," तूरुन म्हणाली. "झडप धाडकन मिटतेय आणि परतलेली लाट अशी घसरगुंडीसारखी? कडा कुठे गेली तिची?"

"झालं तुझं सुरू! भाऊ आहे म्हणून सुचतंय हे."

"हो, भाऊ आहे म्हणूनच! ते चीज ठेव खाली आणि इकडे बघ."

मित्रांनो, मी अधूनमधून आकडे टिपतो आणि मधली जागा सरळ रेघेने जोडतो. 'इथे उडी आहे' असे कोणी सांगितले नाही, तर उडीचाही मी उतार करतो. तूरुनने ते ओळखले. उडीचा नेमका क्षण, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, तिन्ही जपायला तिने मला सांगितले. प्रतिकृती पुन्हा चालली. या वेळी मी कडा तशीच बाहेर सोडली. ती नळात समोरून येणाऱ्या दुसऱ्या लाटेवर चढली आणि दाब लाल रेषेच्या पार वर गेला.

स्वेरेने घाईघाईने फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.

"उचल ना रे, होवार," तूरुन पुटपुटली.

शेवटी आवाज आला, "काय गं? झडपेवर हात आहे माझा, पटकन बोल."

"हात काढ! आधी काढ, मग सांगते!"

"काढला बाई. ओरडतेस काय?"

तूरुनने फोन स्वेरेपुढे धरला. स्वेरेने फोन घेतला. "बाहेर ये, होवार. गणित चुकलं होतं आमचं."

मित्रांनो, गुळगुळीत उत्तर दिसले की लगेच खूश होऊ नका. जिथे खरा धक्का बसणार आहे, ती जागा मला आधी दाखवा. सांगितलेले मी विसरत नाही. पण न सांगितलेले मला कळतही नाही.