मावशीला शहर बघायचं होतं

मशीद.

साठ वर्षं एदिर्नेत काढलेल्या मुकद्देर मावशीला रविवारी दुपारी अचानक एदिर्ने बघायचं होतं.

"मावशी, तुझी अख्खी हयात या मिनारांच्या सावलीत गेली," निगार म्हणाली.

"म्हणूनच कधी मान वर करून पाहिलं नाही गं. चल."

मशिदीत खांबावर कोरलेला उलटा ट्यूलिप शोधायला मावशीनं इतका वेळ लावला, की शेवटी निगारनंच तिचं बोट धरून त्यावर टेकवलं. "हा बघ. सापडला. आता घरी?"

"आता कलेजी. मी खाऊ घालते."

कलेजी.

पातळ, कुरकुरीत काप. शेजारी तळलेल्या लाल मिरच्या, ताक. निगारनं दुसरी प्लेट मागवली. तुरगुत बल्गेरियातलं काम संपवून परतला होता. 'परत आलो की आई येईल तुमच्याकडे, मागणी घालायला,' असं त्यानंच जाताना सांगितलं होतं. तीन वर्षं तिनं त्या एका वाक्यावर काढली होती. भूक लागणारच.

मावशीचा फोन वाजला. मावशीची बोटं तेलानं माखलेली.

"घे गं जरा... नको, नको, राहू दे!"

पण निगारनं कानाला लावला होता. पलीकडे धाकटी बहीण सेल्वी कुजबुजत होती.

"मावशी, सगळे बसलेत. कॉफी ठेवलीय. तुरगुतच्या कपात मीठ किती घालू?"

मागणीच्या दिवशी मुलगी नवऱ्यामुलाच्या कॉफीत मीठ घालते. तोंड वाकडं न करता त्यानं ती संपवली, तर

"मावशी? ऐकतेयस ना?"

तर तो पास.

"दोन चमचे घाल," निगार म्हणाली. "त्याला काहीही पचतं."

पलीकडून फोन कट झाला.

पूल.

राहिला.

"तमाशा नको म्हणून गं," मावशी हात पुसत राहिली. "तुझी आईच म्हणाली, तिला अंधार पडेपर्यंत बाहेर ठेव, मेरिच नदीवरचा पूल दाखव. त्याचंच मन सेल्वीकडे फिरलं, आम्ही काय करणार?"

"मला सांगायचं."

"सांगणारच होतो."

"कधी? अंगठ्या घातल्यावर?"

मावशीनं पेला पुढे सरकवला. "ताक तरी पी," ती म्हणाली.

दार.

उंबऱ्याबाहेर पाहुण्यांचे जोडे ओळीनं लावलेले. आत पाहुण्यांना घालायला देतात त्या सपातांचा खण रिकामा. तिच्या निळ्या सपाताही नव्हत्या. आज ती घरात असेल, हे कुणी धरलंच नव्हतं.

ती मोज्यांवरच आत गेली. बोलणं तुटलं. आई भिंतीकडे बघायला लागली, सेल्वी हातातल्या ट्रेकडे. तुरगुतनं कप ओठांपासून खाली घेतला नाही. त्यामागं तोंड झाकलं जात होतं.

आधी सावरली ती त्याची आई. कोचावर ऐसपैस, पायांत निळ्या सपाता. काहीच घडलं नसल्यासारखा तिनं उजवा हात पुढे केला. धाकट्यांनी चुंबावा, कपाळाला लावावा, तसा.

निगार वाकली नाही.

"हात राहू द्या, काकू. आधी माझ्या सपाता काढा."