नमुन्याचा हात

नव्या सोनोग्राफी मशीनच्या प्रात्यक्षिकासाठी बाहेरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. त्या आयुष्यभर फक्त हात आणि मनगटंच पाहत आलेल्या. त्यांनी दोन हात मागितले होते, एक संधिवाताचा आणि तुलनेसाठी एक निरोगी. संधिवाताच्या हातांना कुठेच तोटा नसतो. निरोगी हाताची अडचण सेंटरच्या डॉक्टरांनी चुटकीसरशी सोडवली.

"माझ्या बहिणीचा घ्या. चार महिन्यांपूर्वी तपासून झालाय. एकदम नॉर्मल."

डॉक्टरांची तीस वर्षं पोटं पाहण्यात गेली होती. पोट पाहायचं तर प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा मशीनचा दांडा, दाबावाच लागतो. आधी चरबी, मग वायू आणि शेवटी रुग्णाची भीती बाजूला सारावी, तेव्हा कुठे पित्ताशय दर्शन देतं. हात-मनगटं हल्ली हल्ली येऊ लागली होती आणि डॉक्टर ती जाता जाता उरकत. एवढीशी जागा, तिच्यात पाहायचं ते काय!

अक्का त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात ती निवृत्तीनंतरही मानधनावर फाटकी पुस्तकं शिवायची. वर्षभर तिची बोटं सकाळी सकाळी लाकडासारखी होत. नळ फिरेना, बटण लागेना. रक्ताच्या तपासण्या ना धड इकडच्या, ना धड तिकडच्या. सांधेतज्ज्ञ म्हणाले, "सोनोग्राफीत आतली सूज दिसली तर मुख्य औषध लगेच सुरू करू." अक्का हक्काने भावाकडे आली. भावाने दहा मिनिटांत निकाल लावला: 'सांध्याचं अस्तर किंचित जाड, वयोमानानुसार. सक्रिय दाह नाही.' वर विनोदही केला, "बरणीचं झाकण उघडत नाही हा आजार नाही गं अक्का, झाकण घट्ट असतं."

अक्का हसली होती. मुख्य औषध राहिलं. तिने हलकं काम मागितलं तेव्हा विभागप्रमुखांनी तोच रिपोर्ट पुढे सरकवला. "बाई, तुमच्या सख्ख्या भावाने लिहिलंय की काही नाही. आता आम्ही काय लिहायचं?" तेव्हापासून विभागात तिचं नाव 'नॉर्मल बाई' पडलं. ही गोष्ट तिने भावाला फार हसत सांगितली होती, आणि तोही फार हसला होता.

तर आता वीसेक डॉक्टर खुर्च्यांवर बसले होते आणि अक्का उशीवर हात ठेवून पुढे बसली होती. तज्ज्ञ बाईंनी मनगटावर जेलचा चांगला ढीग ओतला. प्रोब त्यांनी त्या ढिगावर नुसता तरंगत ठेवला, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण टाकावं तसा.

"आता डॉप्लर लावते. जिथे दाह असतो तिथे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, त्या लाल दिसतात. निरोगी सांध्यात पडदा जवळजवळ काळाच..."

पडदा पेटला. मनगटाच्या मधोमध लाल ठिपक्यांचा जाळ झाला. बाईंनी प्रोब बोटांच्या मुळांकडे सरकवला. तिथेही जाळ.

बाई शिक्षकाच्या उत्साहाने म्हणाल्या, "वा, हे तर फारच उपयोगाचं निघालं! आता बघा हं." त्यांनी प्रोब दाबला. लाल रंग फुंकर मारल्यासारखा गेला. हात सैल केला, परत आला. "दाबलं की या वाहिन्या मिटतात. अशाने भयंकर सूजसुद्धा नॉर्मल वाटते. नवशिक्यांची नेहमीची चूक. आणि हे पाहा, हाडाला इथे खाच पडायला लागलीय. या हाताला नॉर्मल असा रिपोर्ट कुणी दिला?"

 डॉक्टरांना 'मी' हे एकच अक्षर उच्चारायचं होतं.  त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

"कुणीतरी होता बाई बाहेरगावचा," अक्का शांतपणे म्हणाली. "याने तोच कागद पाहिला. याला काय माहीत!"

वीस माना पटल्यासारख्या हलल्या. लहानपणी काच फोडली की अक्का असंच आईसमोर पुढे व्हायची. तेव्हा भावाला, तिच्या छोट्याला, सुटल्यासारखं वाटायचं. आज साठ वर्षांचा छोट्या घामाने निथळला. ज्याने तिचा हात वाया घालवला होता, त्यालाच तिने वाचवलं होतं. आणि त्याने तिला खुशाल वाचवू दिलं होतं.

चहाच्या सुट्टीत त्याने तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ती कप दोन्ही तळव्यांत धरून उभी होती. बोटांनी कपाचा कान पकडता येत नव्हता, हे त्याला प्रथमच दिसलं.

"अक्का, तू खोटं का बोललीस?"

"मग काय करू? तुझं तोंड बघवेना. आता तू जाऊन खरं बोलू नकोस हं. मी खोटी पडेन."

"हाडाला खाच पडलीय, अक्का."

"ऐकलं मी. हात माझाच होता." ती कपात बघत राहिली. "मला वाटायला लागलं होतं, मीच नाटक करते की काय. चार महिने, छोट्या. डॉक्टर भाऊ म्हणतोय काही नाही, म्हणजे नसेलच."

तो वळून आत गेला आणि खुर्च्या भरेपर्यंत मशीनशेजारी उभा राहिला.

"तो रिपोर्ट माझा आहे," तो म्हणाला. "बाहेरगावचा कुणी नाही. मीच प्रोब दाबला."

कुणीतरी खोकलं. तज्ज्ञ बाई मायेने म्हणाल्या, "सर, पहिल्या वर्षी मीसुद्धा दाबत होते." पहिल्या वर्षी! यापेक्षा त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

"बघ, पाडलंस ना मला खोटं," मागच्या रांगेतून अक्का पुटपुटली.

दुपारी त्याने दुरुस्त रिपोर्ट टाइप केला, चुकीचं कारण त्यात लिहिलं, एक प्रत सांधेतज्ज्ञांना आणि एक ग्रंथालयाला पाठवली. मग काउंटरवरच्या बाईंना म्हणाला, "दोन वर्षांतले हातांचे रिपोर्ट काढा."

"सगळे?"

"नॉर्मल असलेले."

"सर, तुमचे तर सगळेच नॉर्मल आहेत."

त्याने यादी घेतली आणि पहिला नंबर स्वतः फिरवला. पलीकडे कुणी गृहस्थ होते.

"मी सोनोग्राफीचा डॉक्टर बोलतोय. गेल्या वर्षी तुमचं मनगट पाहिलं होतं. अजून दुखतं का?"

पलीकडे आधी टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ते गृहस्थ चाचरत, जणू त्यांचंच काही चुकलं असावं अशा आवाजात म्हणाले, "दुखतं हो. पण तुम्हीच काही नाही म्हणाला होतात, म्हणून मी घरी सांगायचं बंद केलंय."