खिशात राहिलेली चिठ्ठी

धुवायला टाकण्याआधी अण्णांच्या शर्टाचे खिसे तपासायचे, हा लेकीचा शिरस्ता. नाहीतर मशीनमधून बसच्या तिकिटांचा लगदा निघे. त्या सकाळी मात्र खिशातून निघालं दवाखान्याचं कार्ड. गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू चावल्यावर अण्णांनी लशीची दोन इंजेक्शनं घेतली होती. तिसऱ्याची तारीख कालची, आणि तिच्यापुढचा चौकोन कोरा.

प्रयोगशाळेत ती रेबीजच्या विषाणूवरच काम करायची. हा रोग एकदा डोक्यात पोचला की हातात काही उरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

अण्णा बाल्कनीत नखं कापत बसले होते. तिने इंजेक्शनचं विचारताच त्यांनी चावलेली पोटरी पुढे केली. खपली गळाली, ठणका नाही, ताप नाही. मग उगाच तुझी रजा कशाला वाया घालवायची, म्हणाले. उभी हयात कचेरीत शिपाई म्हणून काढलेला माणूस. दुसऱ्याला तसदी देणं त्यांना कधी जमलंच नाही.

रागवावं तर ते हसण्यावारी नेणार. तिने स्टूल ओढलं.

प्रत्येक पेशीत एक साहेब असतो, आतल्या केबिनमध्ये, ती सांगू लागली. विषाणू घुसला की चिठ्ठी निघते, 'चोर आलाय, तयारीला लागा'. ती घेऊन एक प्रथिन केबिनकडे धावतं. शिपाईच म्हणा ना. पण या विषाणूकडेही एक प्रथिन आहे, महाबिलंदर. ते शिपायाला दाराबाहेरच मिठी मारून धरून ठेवतं. आत साहेब निवांत.

"ताप नाही म्हणजे चोर नाही, असं नसतं अण्णा. कदाचित चिठ्ठीच पोचली नसेल."

अण्णांचं नेलकटर थांबलं. आपल्या अख्ख्या नोकरीत एकही चिठ्ठी दाराबाहेर राहिली नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. त्या आतल्या शिपायाला कुणी मेमो दिला की नाही, हेही विचारलं.

"त्या बिचाऱ्याचा काय दोष? लस घेतली की पहारेकरी उभे राहतात, विषाणूला नसेत शिरायच्या आधी, फाटकावरच धरतात. पण त्यांना बोलावण्याची चिठ्ठी कालपासून कुणाच्या खिशात होती?"

तिने कार्ड पुढे धरलं. अण्णांनी त्यावरची तारीख पुन्हा वाचली, आणि उठून इस्त्रीचा शर्ट घातला. गळ्याचं बटणसुद्धा लावलं.

दवाखान्यात नर्सपुढे त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी धरलं.

"अर्जंट आहे, बाई. एक दिवस उशीर झाला. चूक शिपायाची."

एका दिवसाने बिघडत नाही, पण पुढची तारीख चुकवू नका, असं बजावत नर्सने सुई टोचली.

बाहेर आल्यावर लेकीने कार्ड मागितलं. अण्णांनी खिशावर हात ठेवला. पोचवणं आपलं काम, साहेबांनी फक्त आत बसायचं, म्हणाले. आणि रस्ता ओलांडताना धरलेला तिचा हात पलीकडे पोचल्यावरही त्यांनी सोडला नाही.