दारात नको असलेली गाडी

मी स्कूटर बोलतेय. आरोग्य खात्याची, पांढरी. माझ्या अंगावर लाल फीत आणि ‘एचआयव्ही नियंत्रण’ अशी ठसठशीत अक्षरं आहेत. रंगाऱ्यानं ती मोठ्या हौसेनं काढली. “आता कशी लांबूनच ओळखू येईल!” म्हणाला.

ओळखू यायला लागले, तीच पंचाईत झाली.

माझ्यावरून एक नर्सबाई घरोघर फिरायच्या. ज्यांनी गोळ्या मधेच सोडल्या, त्यांची समजूत घालून त्यांना पुन्हा दवाखान्यात आणायचं, हे त्यांचं काम. पण मी ज्या दारात थांबायचे, त्या घराकडे शेजारी वाकड्या नजरेनं बघायचे. मग घरचे हात जोडायचे, “बाई, तुम्ही या, पण गाडी नको.” बाई मला कुठल्यातरी बंद गोदामामागे लावून पायी जायच्या. मी भिंतीकडे तोंड करून एकटीच उभी.

एकदा मात्र त्या घाईत थेट एका शिंप्याच्या दारात थांबल्या. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि ती गोळ्या न्यायला आली नव्हती.

सासू बाहेर आली. मला बघून तिचा चेहराच उतरला. “आधी ही गाडी हलवा! माझ्या पोरीचं लग्न जमतंय. कुणी पाहिलं तर?”

“मावशी, गोळ्या चुकल्या तर बाळालाही लागण होऊ शकते.”

“हळू बोला हो!”

सून दाराआड पोटावर हात ठेवून उभी होती. समोरच्या गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पळून जावंसं वाटलं, पण किल्ली बाईंच्या हातात.

दुसऱ्या दिवशी त्या दाराला कुलूप होतं. बाई माझ्या सीटवर बसून राहिल्या. “कुठे शोधू आता हिला?” एवढंच पुटपुटल्या.

अक्षरं पुसायची परवानगी त्यांनी मागितली. साहेब म्हणाले, “मलाही पटतंय हो, पण सरकारी गाडीवर नाव लागतंच.” मग मला शेडमध्ये ठेवून बाई बसनं गावोगाव हिंडल्या. सून माहेरी सापडली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाळ झालं.

“बाळाचा रिपोर्ट चांगला आला गं, लागण नाही!” एके दिवशी शेडमध्ये येऊन बाई मलाच म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय कुठे होती?

आता त्या बसनंच जातात. वर्षातून एकदा मला धुऊनपुसून, फुगे बांधून जनजागृतीच्या फेरीत सगळ्यांत पुढे चालवतात. लोक टाळ्या वाजवतात. त्यांच्याच दारात थांबले तर काय होईल, हे मला ठाऊक आहे.

मला टाळ्या नकोत. मला बघून एखाद्या शेजारणीनं नुसतं “कोण आलंय गं?” विचारावं, आणि आतून सहज उत्तर यावं, “आमच्या नर्सबाई.” एवढं झालं तरी पुरे.

त्या बाळाला मी अजून पाहिलेलं नाही.